कॉर्नेल की बफेलो? ग्रेटफुल डेडच्या ७७ च्या टूरचं भांडण

तर मंडळी, ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडच्या १९७७ च्या स्प्रिंग टूरमधला बेस्ट शो कुठला असं कुठल्याही डेडहेडला, म्हणजे त्यांच्या कट्टर चाहत्याला, झोपेतून उठवून विचारा, तो डोळे न उघडता सांगणार, ८ मे, कॉर्नेल युनिव्हर्सिटी, बार्टन हॉल. मी म्हणतो, थांबा जरा.

कॉर्नेल भारी आहेच, त्याबद्दल वादच नाही. दुसऱ्या सेटची, म्हणजे शोच्या दुसऱ्या भागाची, सुरुवात ऐका, 'स्कार्लेट बेगोनियाज' चालू असतं आणि त्यातूनच बँड 'फायर ऑन द माउंटन'मध्ये शिरतो, कधी शिरला ते कळतसुद्धा नाही, आणि मग बँडचा गिटारिस्ट-गायक जेरी गार्सियाची गिटार सुटते ती सुटतेच! बाय द वे, या 'फायर'चं मूळ डेडचा ड्रमर मिकी हार्टच्या दिगा ऱ्हिदम बँडच्या १९७६ च्या रेकॉर्डवर सापडतं, आणि त्या बँडमध्ये तबल्यावर कोण होतं माहितीये? आपले मुंबईचे झाकीर हुसेन. हार्ट तर त्यांच्या वडिलांकडे, उस्ताद अल्लारखाँकडे शिकलेला. म्हणजे या गाण्यावर थोडा हक्क आपलाही.

शेवटी 'मॉर्निंग ड्यू' येतं, ते तर काय बोलायचं.

पण पहिला सेट? 'डान्सिंग इन द स्ट्रीट' सोडलं तर छान, नीट, बस्स. आता दुसऱ्याच रात्रीचं, ९ मेचं बफेलो लावा. सुरुवातच 'हेल्प ऑन द वे', 'स्लिपनॉट', 'फ्रँकलिन्स टॉवर' अशी सलग, वॉर्मअप वगैरे भानगडच नाही, आणि पुढे 'कम्स अ टाइम'मध्ये गार्सिया असा गातो की मी तरी हातातलं काम सोडून बसतो.

लोक म्हणतात कॉर्नेलचं नाव टेपमुळे झालं. बँडची साउंड इंजिनिअर बेटी कँटर-जॅक्सनचं रेकॉर्डिंग होतंच तसं स्वच्छ, पुढे टेप्स ठेवलेल्या गोदामाचं भाडं थकलं म्हणून तिच्या टेप्स लिलावात गेल्या आणि हातोहात पसरल्या, लायब्ररी ऑफ काँग्रेसने तर कॉर्नेलला नॅशनल रेकॉर्डिंग रजिस्ट्रीत, म्हणजे जपून ठेवायच्या महत्त्वाच्या रेकॉर्डिंग्जच्या यादीत, घेतलं. पण बफेलोची टेपही तिचीच की! २०१७ ला दोन्ही शो एकाच बॉक्स सेटमध्ये ऑफिशियली आले, त्यामुळे आवाजाची सबब आता चालणार नाही.

माझा हिशोब असा, अर्धा तास हातात असेल तर कॉर्नेलचं 'स्कार्लेट-फायर', अख्खी संध्याकाळ मोकळी असेल तर बफेलो. आणि २२ मेचं फ्लोरिडातलं पेंब्रोक पाइन्स लाडकं असणाऱ्यांनो, तुमच्याशी वेगळं भांडायचंय, त्याचा व्हिडिओ वेगळा.