पेक्तू : एक पर्वत, दोन नकाशे

मित्रहो, चीन आणि उत्तर कोरिया यांच्या सीमेवर २७४४ मीटर उंचीचा एक पर्वत उभा आहे. कोरियन लोक त्याला पेक्तू, म्हणजे पांढऱ्या माथ्याचा, म्हणतात. चिनी भाषेत तो चांगबाई, सदैव शुभ्र. कोरियन लोकांची उत्पत्तिकथा या पर्वताशी जोडलेली आहे आणि चीनवर राज्य करणाऱ्या मांचूंच्या चिंग घराण्यानेही त्याला आपले पवित्र मूळस्थान मानले. त्याच्या माथ्यावरील विवरात सुमारे ३८४ मीटर खोलीचे सरोवर आहे आणि १९६२ च्या करारानुसार दोन्ही देशांची सीमा या सरोवरातूनच जाते.

सह्याद्रीच्या काळ्या कातळावर राहणाऱ्या आपल्याला ज्वालामुखी म्हटले की भेगांतून पसरत गेलेला, पातळ, वाहता लाव्हा आठवतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपले पठार तसेच घडले. पेक्तूच्या सर्वांत मोठ्या उद्रेकातील शिलारस मात्र सिलिकाने समृद्ध आणि म्हणून चिकट होता. अशा रसात वायू अडकून राहतात, दाब वाढत जातो आणि अखेरीस सारे एकदम फुटून वर उडते. टाचा घासायला आपण जो हलका, सच्छिद्र प्यूमिस दगड वापरतो, त्याच जातीच्या दगडाचे जाड थर पेक्तूच्या उतारांवर आहेत.

तो उद्रेक इसवी सन ९४६ मधला. हे वर्ष कसे ठरले, ही मला या विषयातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय वाढते. उद्रेकात गाडल्या गेलेल्या लार्च या सूचिपर्णी वृक्षाच्या लाकडात ७७५ सालच्या वलयात किरणोत्सर्गी कार्बन अचानक वाढलेला आढळला. ही वाढ त्या काळातील जगभरच्या झाडांत सापडते, त्यामुळे तिचे वर्ष पक्के माहीत आहे. तिथून सालीपर्यंत एकेक वलय मोजत गेल्यावर वृक्षाचे अखेरचे वर्ष ९४६ निघाले. जपानमधील नारा येथील मठाच्या नोंदीत त्याच वर्षी पांढरी राख पडल्याचा उल्लेख आहे. तो बहुधा याच उद्रेकाचा. या परिसरातले बोहाई हे जुने राज्य या उद्रेकाने बुडाले, असा तर्क पूर्वी केला जात असे. पण ते राज्य खितान या भटक्या जमातीने ९२६ मध्येच जिंकले होते, त्यामुळे तो तर्क मागे पडला.

शेवटचा उद्रेक १९०३ चा, आणि तो लहान होता. २००२ ते २००५ या काळात मात्र पर्वताखाली लहान भूकंपांची संख्या वाढली आणि जमीनही किंचित फुगली. या हालचाली मुख्यतः चीनच्या बाजूच्या यंत्रांनी टिपल्या. इथेच सीमेचा प्रश्न येतो. भूकंपाच्या लहरी वेगवेगळ्या केंद्रांवर कोणत्या क्षणी पोहोचल्या, यावरून तो कुठे आणि किती खोल झाला हे काढतात. केंद्रे एकाच बाजूला असली, तर हे उत्तर ढोबळ राहते. २०१३ मध्ये उत्तर कोरियाच्या शास्त्रज्ञांनी ब्रिटिश आणि अमेरिकी सहकाऱ्यांसोबत आपल्या बाजूला सहा भूकंपमापक बसवले. उत्तर कोरियावरील आंतरराष्ट्रीय निर्बंधांच्या काळात ही यंत्रे नेण्याची परवानगी मिळवणेसुद्धा मोठे काम होते, आणि ज्यांनी ते चिकाटीने केले त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. पर्वताखालच्या कवचात अंशतः वितळलेला खडक आहे, हे त्या नोंदींनी दाखवले.

आता सरोवराचा विचार करा. त्याचे पाणी बाहेर पडण्याची वाट एकच, उत्तरेला चीनच्या बाजूने, धबधब्यावरून सुंगारी नदीकडे. उद्रेकात ते पाणी उसळले, तर राखमिश्रित चिखलाचे लोंढे आधी त्या खोऱ्यात उतरण्याची शक्यता मोठी. राख मात्र वाऱ्याबरोबर जाते. ९४६ ची राख पूर्वेला समुद्र ओलांडून जपानच्या होक्काइदो बेटापर्यंत पोहोचली होती. म्हणून चीनच्या खोऱ्यातील गावाला वेळेवर इशारा मिळायचा असेल, तर कोरियाच्या उतारावरील यंत्राची नोंद त्याच दिवशी सीमेपलीकडे पोहोचली पाहिजे, आणि पूर्वेकडील बंदरांना सावध करायचे असेल, तर चीनकडील नोंदही तशीच तत्काळ कोरियाला मिळाली पाहिजे.