माहिती काढून आणा

(शिक्षक-खोली. टेबलावर वह्यांचा गठ्ठा. बाई एकेक वही उघडतात.)

विषय होता ज्वालामुखी. गृहपाठ शुक्रवारी दिला, सोमवारी सकाळी हा गठ्ठा टेबलावर आला. पहिली वही : ‘ज्वालामुखी म्हणजे भूपृष्ठाला पडलेले असे छिद्र, की ज्यातून...’ दुसरी वही, तेच वाक्य. तिसरी, तेच, शाई तेवढी निराळी.

सातव्या वहीत बाई थांबतात. मथळ्याशेजारी कंसात एक शब्द लिहिला आहे : संपादन. विकिपीडियाच्या पानावर मथळ्याच्या बाजूला असतं ते बटण. मुलीनं तेही सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं आहे. दोन ओळी खाली चौकटी कंसात ३ हा आकडा. तो तळटीपेचा. तळटीप मात्र वहीत कुठंच नाही.

हसू येतं. बाईंनाही आलं. मग त्यांनी आपलीच शुक्रवारची सूचना आठवून पाहिली. ‘ज्वालामुखीची माहिती काढून आणा.’ मुलीनं माहिती काढली आणि आणली. सांगितलं तेच केलं.

मुलं घरी नेट अभ्यासाला वापरत नाहीत, नुसती रील बघत बसतात, ही तक्रार प्रत्येक शिक्षक-खोलीत ऐकू येते. मग चर्चा वळते फोनकडे. द्यावा की देऊ नये, दिला तर किती वेळ, कुलूप कुठलं लावावं. गृहपाठाच्या त्या एका वाक्याकडे फारसं कुणी वळत नाही. या फिल्ममध्ये आम्ही कॅमेरा त्याच वाक्यावर ठेवला.

(पडद्यावर जुन्या, करड्या पार्श्वभूमीची वेबपानं.)

थोडं मागे जाऊ. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्न या संशोधन संस्थेनं वर्ल्ड वाइड वेबचं तंत्रज्ञान सर्वांसाठी खुलं केलं. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९९५ मध्ये, सॅन डिएगो स्टेट विद्यापीठात भावी शिक्षकांना शिकवणारे बर्नी डॉज यांनी एक पद्धत मांडली. नाव दिलं वेबक्वेस्ट. टॉम मार्च हे त्यांचे सहकारी. गूगल ही कंपनी तेव्हा जन्मालाही आली नव्हती. म्हणजे मुलांनी वेबवर काय करावं हा प्रश्न गूगलपेक्षाही जुना.

डॉज यांचं म्हणणं सोपं होतं. मुलांचा वेळ माहिती हुडकण्यात जाऊ नये, सापडलेल्या माहितीचं काहीतरी करण्यात जावा. म्हणून हुडकण्याचं काम शिक्षकानं आधीच करून ठेवायचं. मोजकी, तपासलेली पानं द्यायची. मुलांना भूमिका वाटून द्यायच्या. आणि काम असं द्यायचं की एका पानावरून उतरवून ते पुरं होणारच नाही.

तीस वर्षांपूर्वीची ही गोष्ट. शिक्षकांच्या प्रशिक्षणात ती शिकवली गेली, परीक्षेत विचारली गेली, आणि पुष्कळ ठिकाणी तिथंच राहिली.

(फळा. खडू. बाई ‘ज्वालामुखी’ हा शब्द लिहितात, पाहतात, पुसतात.)

आता हे नीट पाहा. या फिल्ममधलं सगळ्यात लांबलेलं चित्रीकरण हेच आहे, आणि आम्ही ते मुद्दाम कापलेलं नाही. एक शिक्षिका एका गृहपाठाचा प्रश्न तयार करते आहे.

पहिला खर्डा : ज्वालामुखीचे प्रकार लिहा. खोडला; उत्तर एकाच पानावर मिळतं. दुसरा : ज्वालामुखीचे फायदे-तोटे लिहा. तोही खोडला. फायदे-तोटे हा शब्द दिसला की मुलं दोन रकाने आखतात आणि विचार करणं थांबवतात, असं बाईंचं मत आहे. आमचंही झालं. तिसरा खर्डा लिहायला त्यांनी वेळ घेतला. फळ्यावर उमटलं : ज्वालामुखीच्या पायथ्याशी माणसं शेती का करतात? आणि त्याखाली, जरा बारीक अक्षरात : तुम्ही तिथं राहिला असतात का?

या प्रश्नाला पानं लागतात, एक पान पुरत नाही. इटलीतल्या एटनाच्या उतारावर द्राक्षमळे आहेत, जावा बेटावरच्या मेरापीभोवती शेतं आहेत. राख आणि लाव्हा झिजून होणारी माती खनिजांनी समृद्ध असते, हे एका पानावर सापडेल. पण १९९१ मध्ये फिलिपीन्समधल्या पिनाटुबोचा मोठा उद्रेक होण्याआधी शास्त्रज्ञांनी इशारा दिला आणि हजारो माणसांना हलवता आलं, हे दुसरीकडे. बाईंनी वर्गाचे गट पाडले. कुणी शेतकरी, कुणी भूगर्भशास्त्रज्ञ, कुणी गाव हलवायचं की नाही हे ठरवणारा अधिकारी. तिघांना एकच पान वाचून तीन निराळ्या गोष्टी दिसायला हव्यात.

मग पानं निवडायची. रात्री, घरी, बाईंच्या हातात त्यांचा स्वतःचा नवा फोन नाही. घरातला सगळ्यात जुना फोन त्यांनी मुद्दाम घेतला आहे. वाय-फाय बंद. मुलाच्या हातात जसं उघडेल तसं उघडून बघायचं. पहिलं पान छान होतं, पण वाचायला सुरुवात केली की जाहिरात मजकुरावर चढून बसे. बाद. दुसरा व्हिडिओ चाळीस मिनिटांचा. डेटा संपेल, मूल त्याआधी झोपेल. बाद. तिसऱ्या पानानं आत जाण्याआधी नाव, ईमेल आणि जन्मतारीख मागितली. हे तर सरळच बाद. बहुतेक मोठ्या समाजमाध्यमांवर खातं उघडण्याचं किमान वय १३ आहे. शाळेच्या गृहपाठासाठी मुलानं वय खोटं लिहावं, ही वेळ शाळेनं आणू नये. अकरा पानांतून उरली चार. एक विश्वकोशातला लेख, एक उपग्रहचित्र, एक छोटा व्हिडिओ, एक वर्तमानपत्रातला जुना वृत्तान्त.

(रिकामा वर्ग. पुस्तकांच्या चळतीवर टेकवलेला फोन. बाई स्वतःला चित्रित करतात.)

एक पाचवी गोष्टही त्या देतात, स्वतःचा आवाज. २००७ च्या सुमारास अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या वुडलँड पार्क इथल्या जॉनथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या दोन शिक्षकांनी आपले पाठ चित्रित करून ठेवायला सुरुवात केली. कारण अगदी घरगुती होतं : गैरहजर राहणाऱ्या मुलांना तेच तेच पुन्हा शिकवावं लागे. त्यातून पुढे पाठ घरी पाहायचा आणि गृहपाठ वर्गात करायचा, ही उलटी रीत रुजली. आमच्या बाईंनी एवढी उलथापालथ केलेली नाही. त्यांचा व्हिडिओ चार मिनिटांचा आहे. पहिल्यांदा चित्रित करताना पुस्तकं घसरली, दुसऱ्यांदा घंटा झाली. तिसऱ्यांदा जमलं. मुलांना हाच व्हिडिओ आवडतो, कारण मध्येच बाई ‘थांबा, चुकले’ म्हणतात.

(वर्ग. पडद्यावर झाडावर चढलेला आठ पायांचा प्राणी. मुलं पुढे झुकतात.)

घरी पाठवण्याआधी एक तास शाळेत. हा प्राणी म्हणजे पॅसिफिक नॉर्थवेस्टचा, म्हणजे अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याकडचा, वृक्ष-ऑक्टोपस. त्याचं पान १९९८ पासून वेबवर आहे. त्यावर छायाचित्रं आहेत, तो नामशेष होण्याच्या मार्गावर असल्याचा इशारा आहे, त्याला वाचवण्याचं आवाहन आहे. असा प्राणी नाही, एवढीच काय ती अडचण. कनेटिकट विद्यापीठातल्या डोनाल्ड लू यांच्या गटानं हे पान सातवीच्या मुलांपुढे ठेवलं होतं, तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी ते खरं मानलं. आमच्या वर्गातही हात वर गेले. एका मुलाचा हात अर्धाच वर आहे, तो मोजावा की नाही हे आम्हाला ठरवता आलं नाही.

मग बाई सांगतात : पान खरं की खोटं हे त्या पानालाच विचारू नका. शेजाऱ्याला विचारा. स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे अभ्यासक, विद्यार्थी आणि तथ्य-तपासनीस अशा तिघांनाही अनोळखी संकेतस्थळं तपासायला दिली. इतिहासकार आणि विद्यार्थी पान वरपासून खालपर्यंत वाचत राहिले. तपासनीस काही क्षणांतच तिथून बाहेर पडले, नवा टॅब उघडला आणि या पानामागे कोण आहे हे दुसऱ्यांकडून काढलं. कमी वेळ, अचूक निर्णय. याला आडवं वाचन म्हणता येईल. मुलांना शब्द लगेच आवडला. पुढची वीस मिनिटं वर्ग आडवं वाचत होता, त्यातली काही मुलं खरोखरच बाकावर आडवी होऊन.

यात आता एआयची भर पडली आहे. विचारलं की उत्तर हजर, नीटनेटकं, परिच्छेद पाडलेलं. वहीत ‘संपादन’ हा शब्द यापुढे सापडणार नाही. चोरी स्वच्छ झाली आहे. यावर बाईंचा उपाय एका ओळीचा आहे : उत्तर आणू नका, त्या उत्तरातली चूक किंवा सुटलेली गोष्ट शोधून आणा. पुराव्यासाठी आपल्या चार पानांपैकी एक पान.

(पालकसभा. छोट्या खुर्च्यांवर मोठी माणसं.)

एक वडील उभे राहतात. त्यांचं वाक्य आम्ही संपूर्ण ठेवलं आहे. ‘मुलांच्या हातात मोबाइल देऊ नका असंही शाळाच सांगते, आणि गृहपाठ ग्रुपवर टाकलाय असंही शाळाच सांगते. आम्ही करायचं काय?’

सभागृहात टाळ्या पडतात. मुख्याध्यापक पाणी पितात.

त्या सभेनंतर वहीत दोन बदल झाले. गृहपाठाशेजारी आता वेळ लिहिली जाते : नेटवर २५ मिनिटं, त्यानंतर फोन परत. मर्यादा शाळेनं घातली की घरातलं भांडण अर्ध्यावर येतं. दुसरा बदल म्हणजे शेवटची रिकामी ओळ. मुलानं काय सापडलं ते घरातल्या कुणालाही तोंडी सांगायचं आणि त्या माणसानं ऐकून मनात आलेला एक प्रश्न तिथं लिहायचा. त्यासाठी नेट वापरता यावं लागत नाही. ज्वालामुखी ठाऊक असावा लागत नाही. एका आजीनं लिहिलंय : मग तिथली माणसं रात्री झोपतात कशी?

(संध्याकाळ. एक फोन, तीन डोकी.)

या घरात फोन एकच. तो बाबांबरोबर घरी येतो, आठ वाजता. धाकटीला गाणं हवं, आईला फोन करायचा आहे, थोरल्याला ज्वालामुखी. पाहत राहा.

(शाळेचं फाटक, अंधार पडत आलेला. भिंतीला टेकलेली मुलं, चेहऱ्यांवर पडद्याचा उजेड.)

शाळा सुटल्यावरही दोन तास वाय-फाय चालू ठेवायचं, हा निर्णय एका बैठकीत झाला. कुंपणाच्या आतल्या पायऱ्या त्यासाठी उघड्या ठेवल्या. दुसरा मार्ग पेन ड्राइव्हचा. किविक्स या मोफत सॉफ्टवेअरमुळे विकिपीडिया उतरवून ठेवता येतो आणि नेट नसतानाही वाचता येतो. कोलिब्री हे शिकण्याचं सॉफ्टवेअर तर नेट नसलेल्या शाळांसाठीच घडवलेलं आहे. पदार्थविज्ञानाचे नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या फेट प्रकल्पातली अनुकरणं, म्हणजे पडद्यावरचे हलते प्रयोग, उतरवून घेता येतात. संगणक-खोलीत एक मुलगा लोलकाची दोरी लांब करतो, आखूड करतो, लांब करतो. शनिवारी पेन ड्राइव्ह घेऊन तो घरी जातो. घरी संगणक आहे तो काकांचा, जुना, पण चालतो.

युनिसेफ आणि आयटीयू (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना) यांच्या डिसेंबर २०२० च्या अहवालानुसार जगातल्या ३ ते १७ वयोगटातल्या दोन तृतीयांश मुलांच्या घरी, म्हणजे १३० कोटी मुलांकडे, इंटरनेट नव्हतं. त्या सगळ्यांना पेन ड्राइव्ह पुरणार नाही.

(सकाळ. वर्ग. बाईंच्या हातात वह्या नाहीत.)

दुसऱ्या दिवशी बाई वह्या गोळा करत नाहीत. आणलेलं आधी बोलून दाखवायचं. शेतकरी झालेला गट तावातावानं मातीची बाजू मांडतो. अधिकारी झालेली मुलगी म्हणते, गाव हलवलं आणि उद्रेक झालाच नाही तर लोक पुढच्या वेळी माझं ऐकतील का? हा प्रश्न चारपैकी एकाही पानावर नव्हता.

गुण वाढले का, असं आम्हालाही विचारलं गेलं. एका सत्रात ते कळत नाही.

शेवटच्या बाकावरचा एक मुलगा बराच वेळ हात वर करून आहे. त्याला पुढे बोलावलं जातं. तो नेमून दिलेली पानं सोडून भलतीकडेच गेला होता, १८८३ च्या क्राकाटोआच्या उद्रेकाकडे. त्यात किती माणसं गेली हे त्याला एका पानावर मिळालं. मग आडवं वाचायचं म्हणून त्यानं दुसरं पान उघडलं. तो फळ्यावर दोन आकडे लिहितो. ३६,४१७. त्याखाली १,२०,०००.

‘बाई, खरा कुठला?’

बाई फळ्याकडे पाहतात. पहिला आकडा तेव्हाच्या डच सरकारचा, अधिकृत, एवढं त्या सांगतात. दुसरा अंदाज आहे. मग तिसऱ्या रांगेतून कुणीतरी विचारतं, ‘पण सगळं वाहून गेल्यावर मोजलं कोणी?’

घंटा होते. बाई डस्टर उचलतात आणि पुन्हा ठेवून देतात. दोन्ही आकडे फळ्यावर तसेच. त्यांच्या बाजूला त्या बारीक अक्षरात लिहितात : मोजलं कोणी? नेटवर २५ मिनिटं.