गेट पोलादाचं, हेडिंग यंत्राचं

मंडळी, पत्रिकेवर आजचा विषय छापलाय तो असा: सीमाशुल्कासाठी मालाची जी जागतिक कोड-यादी वापरतात, हार्मोनाइज्ड सिस्टिम, तिच्यात पादचाऱ्यांसाठीची सुरक्षा गेट्स कोणत्या हेडिंगात, म्हणजे चार आकडी कोडात, जातात: यंत्रांच्या ८४७९ मध्ये की विद्युत यंत्रांच्या ८५४३ मध्ये? त्यावर येतोच. पण आधी एका सवयीबद्दल बोलू द्या, कारण ती सुटल्याशिवाय हा वाद सुटणार नाही. माल समोर आला की आपला पहिला प्रश्न असतो, हा कशाचा बनलाय? स्टेनलेस स्टील दिसलं की बोट आपोआप लोखंड-पोलादाच्या वस्तूंच्या ७३व्या चॅप्टरवर जातं. कुणी हरकत घेतली की लगेच यादीच्या वर्गीकरण-नियमांपैकी नियम ३ (बी) काढायचा आणि मालाला मूळ स्वरूप कशामुळे येतं यावर भांडत बसायचं. पोलाद किती, काच किती, सर्किट किती.

माझं ठाम म्हणणं आहे की या गेट्ससाठी नियम ३ पर्यंत जावंच लागत नाही. नियम १ पुरतो. तो सांगतो, हेडिंगचे शब्द वाचा आणि सेक्शनच्या व चॅप्टरच्या नोट्स वाचा. पण नोट्स वाचतो कोण? सगळे थेट कोडच्या तक्त्यावर उतरतात.

एक माल सांगतो. नावं कुणाचीच घेत नाही. काचेच्या झडपांची स्पीड गेट्स होती, एकाच जहाजाने, एकाच इन्व्हॉइसवर आलेली. कॅबिनेट लाकडी खोक्यांत, झडपा वेगळ्या चौकटीत उभ्या बांधलेल्या, कंट्रोल बोर्ड पुठ्ठ्याच्या खोक्यात. पुरवठादाराने इन्व्हॉइसवर प्रत्येक जिन्नस वेगळ्या ओळीत लिहिला आणि इकडे कागद करणाऱ्याने ओळीगणिक कोड लावला: कॅबिनेटला ७३२६, काचेला ७००७, बोर्डाला ८५३७. पुढच्या रांगेत काही जण हसताहेत, म्हणजे तुमच्याकडेही असा माल येऊन गेलाय! सीमाशुल्क अधिकाऱ्याने अगदी रास्त प्रश्न विचारला: हे सगळं जोडलं की काय होतं? उत्तर द्यायला कागदच नव्हता. पुरवठादाराकडून ड्रॉइंग मागवलं, त्यात फक्त बाहेरची मापं. पुन्हा पत्र, मग वायरिंगचा आराखडा आला, पण त्यात मोटर कुठे आहे ते दिसेना. तोवर गोदामाचं भाडं रोज चढत होतं आणि जिथे गेट्स बसायची तिथली फरशी फोडून ठेवलेली. याचा मला आजही राग येतो, कारण उत्तर नियम २ (ए) मध्ये आधीपासून छापलेलं आहे: सुटी करून किंवा न जोडता आणलेली वस्तू ही पूर्ण वस्तूच धरायची. सेक्शन १६ची नोट ४ त्याच्याही पुढे जाते. वेगवेगळे घटक केबलने जोडलेले असोत की नसोत, ते मिळून यंत्रांच्या ८४व्या किंवा विद्युत वस्तूंच्या ८५व्या चॅप्टरमधलं एक ठरावीक काम करणार असतील, तर सगळे त्या कामाच्या हेडिंगात. काच काचेत आणि बोर्ड बोर्डात, हा हिशेब तिथेच संपतो.

आता पोलादाचं. सेक्शन १५ची नोट १ (एफ) पाहा. सेक्शन १६ मधल्या वस्तू, म्हणजे यंत्रं आणि विद्युत उपकरणं, पोलादाच्या सेक्शनमधून ती सरळ बाहेर काढते. म्हणजे कॅबिनेट कितीही जड असलं तरी वजनकाट्याचा इथे संबंध नाही. नुसतं बिजागरीवर फिरणारं, कसलीच यंत्रणा नसलेलं लोखंडी फाटक ७३०८ मध्ये राहील, त्याबद्दल वाद नाही. पण तीन दांड्यांचा टर्नस्टाइल, म्हणजे एकेक माणूस सोडणारं फिरतं फाटक, घ्या. दांडा १२० अंश फिरतो, आतली खीळ पडते, पुढचा माणूस थांबतो. ही यंत्रणा आहे. मोटर नसली तरी आहे, कारण ८४७९ वरच्या अधिकृत स्पष्टीकरणात ‘मोटर असो वा नसो’ असं लिहिलेलंच आहे.

जाता जाता एक खंत. या यादीच्या २०१२च्या आवृत्तीत विमानात चढण्याच्या पुलांना, बोर्डिंग ब्रिजना, ८४७९.७१ आणि ८४७९.७९ अशी स्वतःची घरं मिळाली. २०२२च्या आवृत्तीत सहा आकडी ५,६०९ सबहेडिंगं आहेत, पण माणसांच्या गेटला त्यातलं एकही नाही. ती ८४७९.८९ मध्ये, ‘इतर’ म्हणून. त्यामुळे जगात अशी किती गेट्स आयात होतात ते सहा आकड्यांच्या व्यापारी आकडेवारीत दिसतच नाही. ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेपुढे हे कुणीतरी मांडायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

संयोजकांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. म्हणजे मुख्य विषय धावतच घ्यावा लागणार.

८४७९ आणि ८५४३ दोन्ही ‘इतरत्र न सांगितलेल्या, स्वतंत्र काम असलेल्या’ यंत्रांसाठी आहेत. ८५४३ विद्युत यंत्रांचं. त्याच्या स्पष्टीकरणात एक मोलाची अट आहे: यांत्रिक भाग असले तरी चालतील, पण ते विद्युत कामाला दुय्यम हवेत. आता गेटला विचारा, माणूस कशाने थांबतो? इन्फ्रारेड किरणाने नाही, कार्ड रीडरने नाही. झडपेने थांबतो. सेन्सर आणि बोर्ड आज्ञा देतात, अडवणं यांत्रिक आहे. ते दुय्यम नाही, म्हणून ८४७९. कुणी ८५३० सुचवतात. ते हेडिंग रेल्वे, रस्ते, जलमार्ग, पार्किंग, बंदरं आणि विमानतळांवरच्या वाहतुकीच्या नियंत्रणाचं आहे, इमारतीच्या दारात एकेक माणूस आत सोडण्याचं नाही.

धातुशोधक चौकट मात्र ८५४३. ती कुणाला अडवत नाही, फक्त ओळखते. चौकट आणि झडप एकाच यंत्रात असतील तर सेक्शन १६ची नोट ३: मुख्य काम कोणतं ते ठरवा. ते खरोखर ठरतच नसेल, तरच नियम ३ (सी), म्हणजे आकड्याने शेवटचं हेडिंग, इथे ८५४३. सुटे भाग नंतर मागवले तर नोट २: मोटर स्वतःच्या ८५०१ मध्ये, फक्त याच गेटला बसणारा खिळीचा संच ८४७९.९० मध्ये.

ऑर्डर देतानाच पुरवठादाराकडून तीन कागद घ्या: जोडणीचं ड्रॉइंग, यंत्रणेचा छेद, आणि वीज गेल्यावर दांडा किंवा झडप काय करते याचं वर्णन. हा तिसरा कागद बहुतेक कुणी मागत नाही. वीज जाताच दांडा खाली पडतो की अडकून राहतो, हे त्यात लिहिलेलं असतं, आणि अडवणारी यंत्रणा नेमकी कोणती ते अधिकाऱ्याला त्याच वर्णनातून दाखवता येतं. आता प्रश्न विचारा.