गाडी बघायची ती पहाटे

श्रोतेहो, नमस्कार.

लग्नात, बाजारात, दवाखान्याच्या रांगेत, कुठंही ओळखीचं माणूस भेटलं की मला एकच विचारतं : "जुनी डिझेल गाडी घेऊ का? अ‍ॅव्हरेज चांगलं देते म्हणतात." मी एसटीच्या डेपोत ३१ वर्षं मेकॅनिकचं काम केलं. डिझेलच्या वासात माझा जन्म गेला, म्हणून लोक विचारतात. आज सगळ्यांना मिळून एकदाच उत्तर देतो.

आधी हिशेब. पेट्रोल १०५ रुपये आणि डिझेल ९० रुपये लिटर धरा. पेट्रोलची गाडी लिटरला १५ किलोमीटर जाते, तेवढ्याच आकाराची डिझेलची २० जाते, असं धरा. महिन्याला १००० किलोमीटर फिरणाऱ्याला पेट्रोलला ७००० रुपये लागतील, डिझेलला ४५००. अडीच हजार वाचले. पण तुमचं फिरणं महिन्याला ४०० किलोमीटर असेल, तर वाचतात फक्त १००० रुपये. वर्षाचे १२,०००. जुन्या डिझेल गाडीचे इंजेक्टर, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या नळ्या, किंवा टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा, एकदा काम काढून बसले, की दोन-तीन वर्षांची ही बचत एका बिलात जाते. म्हणून पहिला प्रश्न गाडीचा नाहीच. तुम्ही महिन्याला किती फिरता, हा आहे. पुन्हा सांगतो, महिन्याला किती फिरता ते आधी वहीत लिहा.

तरुण मंडळी सगळं मोबाईलवर ठेवतात आणि मग सापडत नाही. आमच्या डेपोत दहा लिटरला गाडी किती किलोमीटर गेली, हे रोज लिहिलं जायचं. आकडा घसरला की गाडी बोलायच्या आधी कागद बोलायचा. घरच्या गाडीलाही एक वही असावी, असं माझं ठाम मत आहे. किराण्याची असते, दुधाची असते, मग गाडीची का नको?

आता डिझेल जास्त का पळतं, ते थोडक्यात. त्या इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की तिच्याच उष्णतेनं डिझेल पेट घेतं. त्या दाबामुळं एका लिटरमधून काम जास्त निघतं. शिवाय मुळात लिटरभर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा ताकद थोडी जास्तच असते. सगळा खेळ दाबाचा आहे. हा दाब लक्षात ठेवा, कारण पुढच्या गोष्टीत तोच येणार आहे.

गोष्ट २०१७ च्या डिसेंबरातली. आमचे दाजी साताऱ्यात राहायचे आणि शाळा पुसेगावजवळ. जाऊन-येऊन रोज ७२ किलोमीटर, मध्ये वर्धनगडचा घाट. शिक्षकाला राहत्या गावापासून इतकं लांब पाठवू नये असं मला तेव्हाही वाटायचं, आजही वाटतं. माणूस वर्गात पोचतो तो निम्मा दमून. असो. महिन्याला सतराशे किलोमीटर होत होते, म्हणजे डिझेल त्यांना परवडणार होतं. बजेट होतं तीन लाखांचं.

कोल्हापुरात एका एजंटाकडं २०१२ सालची गाडी होती. मीटरवर फक्त ६२,०००. रंग चकाचक, आत अत्तराचा वास. दाजी बघताक्षणी खूश. मी बॉनेटवर हात ठेवला. गरम! दुपारचे चार वाजले होते, गाडी सावलीत उभी, आणि बॉनेट गरम. एजंट म्हणाला, "आत्ताच धुऊन आणली." चावी फिरवली, लगेच सुरू. आवाजही बरा. पण मी खाली वाकून ब्रेकच्या पायडलचं रबर पाहिलं. गुळगुळीत झालेलं. स्टिअरिंगची चामडी चकाकत होती, ड्रायव्हरची सीट एका बाजूला बसलेली. ६२,००० किलोमीटरमध्ये रबर असं झिजत नाही, म्हणजे मीटरचा आकडा खरा नव्हता.

मी म्हटलं, "गाडी रात्रभर बंद ठेवा. सकाळी सहाला येतो. तोवर कुणी चावी लावायची नाही." एजंटानं मान डोलावली. दाजी वैतागले. "पाव्हणं, सुरू होतीय की! आता एका चावीसाठी मुक्काम करायचा?" मी म्हटलं, करायचा. आतेभावाकडं राहिलो. रात्री तांबडा-पांढरा झाला, पण दाजींचं लक्ष जेवणात नव्हतं.

पहाटे थंडी मी म्हणत होती. बॉनेटला हात लावला, बर्फासारखं गार. मनात म्हटलं, आता खरी गाडी भेटली. चावी पहिल्या खटक्यावर आणली, थंड इंजिन पेटायला मदत करणाऱ्या हीटरचा पिवळा दिवा लागला, विझला. मग स्टार्टर मारला. फिरतोय, फिरतोय, इंजिन काही पकडत नाही. दुसऱ्यांदा मारला. तिसऱ्यांदा मारल्यावर सुरू झाली, आणि मागून पांढरा धूर असा निघाला की शेजारच्या घराची भिंत दिसेना. डास मारायची फवारणी असते ना, तसा. इंजिन थडथडत होतं. तीन सिलिंडरवर चाललंय आणि चौथं मागं राहिलंय, हे कानाला कळत होतं. एजंट म्हणाला, "डिझेल आहे साहेब, थंडीत असं होतंच."

होत नाही. श्रोतेहो, हे नीट ऐका. होत नाही. डेपोत मी पहाटे पाच वाजता थंडगार बसगाड्या सुरू केल्यात, वर्षानुवर्षं. दाब शाबूत असलेलं इंजिन थंडीतही झटक्यात पकडतं. तापलेलं असलं की झिजलेलं इंजिनही सुरू होतं, म्हणून तर दुपारी ते तापवून ठेवलं होतं. थंड असताना दाब कमी पडला की डिझेल नीट जळत नाही, आणि तेच न जळलेलं डिझेल पांढरा धूर होऊन बाहेर येतं.

मग मी शेवटची परीक्षा घेतली. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढलं आणि त्याच तोंडावर उलटं, सैल ठेवलं. झाकण नाचायला लागलं. टडटड टडटड नाचलं आणि उडून बाजूला पडलं, आतून धुराचे भपकारे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की जळणाचा दाब खाली ऑइलच्या बाजूला उतरतो, तो असा वर येतो. दाजी त्या झाकणाकडं बघत राहिले. एक शब्द बोलले नाहीत. परतीच्या वाटेवर पेठनाक्याला चहा घेताना म्हणाले, "पाव्हणं, तीन लाख वाचवलेत." मी म्हटलं, अजून गाडी घ्यायची राहिलीय.

ती मिळाली कराडला, पंधरा दिवसांनी. तेच मॉडेल, तेच साल. मालक गुरांचे डॉक्टर, गावोगाव फिरणारे. मीटरवर १,४६,०००. हा आकडा ऐकून तीन गिऱ्हाइकं फोनवरच नको म्हणाली होती. आम्ही गेलो तेव्हा सकाळचे साडेसहा, आणि बॉनेटवर दवाचे थेंब जसेच्या तसे. गाडी रात्रभर हललेली नाही, याचा याहून मोठा पुरावा काय पाहिजे? अर्ध्या फेऱ्यात इंजिननं पकडलं. क्षणभर थोडा धूर, मग साफ. झाकण उलटं ठेवलं, ते जागचं हललं नाही. ऑइल काळं होतं, पण डिझेल गाडीचं ऑइल काळंच होतं, त्याला घाबरू नका.

डॉक्टरांनी आतून एक पिशवी आणली. पहिल्या सर्व्हिसिंगपासूनची सगळी बिलं, आणि एक वही! टाकी भरली की तारीख, लिटर, किलोमीटर. सरासरी वीसच्या थोडी वर. आपणहून म्हणाले, "क्लच आता दोन-तीन महिन्यांचा आहे, त्याचे १२,००० कमी द्या." आणि लांबून आलं की बंद करण्याआधी इंजिन मिनिटभर नुसतं चालू ठेवायचं, हेही त्यांनी दाजींना सांगितलं. टर्बो तापलेला असतो, त्याला ऑइल मिळत राहिलं पाहिजे. हल्ली गाडी थांबायच्या आधी चावी काढणारे बघितले की माझ्या जिवाला लागतं.

दाजी २०२३ ला निवृत्त झाले तेव्हा मीटर होतं २,३८,०००. क्लच एकदा झाला, इंजेक्टर एकदा साफ केले. इंजिन उघडलेलं नाही.

वेळ थोडा राहिलाय, बाकीचं भराभर सांगतो. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६, म्हणजे गाडीच्या धुराचे नवे कडक नियम, आले आणि मारुतीनं डिझेल गाड्या बंदच केल्या. फियाटचं १२४८ सीसीचं डिझेल इंजिन स्विफ्ट, डिझायर, व्हिस्टा, पुंटो, कितीतरी गाड्यांत होतं, त्यामुळं ते ओळखणारे मिस्त्री आजही गावोगाव आहेत. बीएस-६ डिझेलला धुराच्या नळीत काजळी अडवणारी जाळी असते. नुसतं गावात दोन-दोन किलोमीटर फिरलात तर ती तुंबते. बीएस-४ पर्यंतच्या लहान गाड्यांत ती बहुतेक नसते. रॉकेलची भेसळ तर कधीच नको. डिझेलच पंपाचं वंगण असतं, रॉकेलनं पंप कोरडा पडतो.

दिल्ली पासिंगची गाडी स्वस्त दिसते, कारण तिथं दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादानं २०१५ मध्ये बंदीचा आदेश दिला होता. पण ती इकडं आणायची तर तिकडचा ना-हरकत दाखला, इकडची नवी नोंदणी आणि रस्ता कर, हे सगळं किमतीत मिळवून बघा. आरसी पुस्तकावर कर्जाचा बोजा आहे का, गाडी आधी टुरिस्ट परवान्यावर होती का, दंडाची चलनं बाकी आहेत का, हे पैसे देण्याआधी तपासा. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या की विमाही लगेच आपल्या नावावर करून घ्या. आपल्याकडं नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर गाडी तपासून घ्यावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. दाजींच्या गाडीला २०२७ मध्ये १५ वर्षं पुरी होतात. त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर ती तारीख आत्ताच लिहून ठेवलीय, आणि त्या सकाळी मला सोबत यायला सांगितलंय.

नमस्कार.