तुटलेल्या टोकांची जुळणी

माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ ताणला, तर जवळपास दोन मीटर भरतो. क्ष-किरणांची एक ग्रे (हे किरणांच्या मात्रेचं एकक) मात्रा बसली, की त्याचे दोन्ही धागे तिसेक-चाळीसेक ठिकाणी एकदमच तुटतात. ते जोडणारं यंत्र पेशीत तयार ठेवलेलं नसतं. त्याचे भाग सुटेसुटे फिरत असतात आणि जिथं तुटलं, तिथंच त्यांची जुळणी होते.

पहिलं पोचतं ते ‘कू’. १९८१ साली जपानमधल्या एका रुग्णाच्या रक्तातल्या प्रतिपिंडांमुळे या प्रथिनाचा छडा लागला. नावही त्या रुग्णाच्याच नावावरून पडलं. कू७० आणि कू८० मिळून एक कडं होतं. बांगडी हातात सरकवावी, तसं ते तुटलेल्या टोकावरून आत सरकतं. अखंड धाग्यावर ते चढणार कुठून?

कूपाठोपाठ येतं डीएनए-पीकेसीएस हे प्रथिन. तब्बल ४,१२८ अमिनो आम्लांचं धूड! दोन्ही टोकांवर असा एकेक संच बसतो. मग एक्सएलएफ, एक्सआरसीसी४ आणि लायगेज-४ ही प्रथिनं मधे येऊन दोन्ही संच एकमेकांना बांधतात.

आता या बांधलेल्या संचांकडे नीट पाहा. ही रचना २०२१ मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं, म्हणजे नमुना गोठवून पाहणाऱ्या सूक्ष्मदर्शकानं, टिपली गेली. टोकं एकमेकांना टेकलेलीच नाहीत! मधे साडेअकरा नॅनोमीटरचं अंतर आहे, म्हणजे डीएनएच्या जाडीच्या पाचपट तरी. इतकी जमवाजमव झाली, तरी जोडणी अजून अशक्यच.

अडवून धरलंय त्या धुडानंच. दोन डीएनए-पीकेसीएस एकमेकांवर फॉस्फेट चिकटवतात आणि त्यामुळेच सुटून बाजूला होतात, असं या रचनेवरून दिसतं. मला यातली सगळ्यात देखणी पायरी हीच वाटते: मोठा भाग गळतो, तेव्हा कुठे काम पुढे सरकतं. टोकं समोरासमोर येतात, लागेल तशी छाटली किंवा भरली जातात आणि लायगेज-४ टाका घालतं.

धागा सांधला, पण कू त्यावर अडकलं. आता निसटायला टोकच उरलेलं नाही. त्याच्यावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लागते आणि त्याला ओढून काढावं लागतं.

प्रतिपिंडांची जनुकं घडवताना आपल्या रोगप्रतिकारक पेशी डीएनए मुद्दाम तोडतात. तो सांधायलाही हीच मंडळी लागतात. ‘स्किड’ उंदरांत डीएनए-पीकेसीएस सदोष असतं. त्यांच्यात टी आणि बी या प्रतिकारपेशी जवळजवळ तयारच होत नाहीत. म्हणून तर माणसाच्या कर्करोगाच्या गाठी या उंदरांच्या अंगावर वाढवता येतात आणि नवी औषधं तिथं तपासली जातात.