सांडपाण्याच्या उगमापाशी

मित्रहो, शाश्वत उद्योग म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे छपरावरची सौर पॅनेल आणि फाटकापाशी लावलेली झाडं येतात. दोन्ही असावीत, माझी तक्रार नाही. पण कारखान्यात काय आणि किती वाया जाणार, हे कामाच्या क्रमात ठरून गेलेलं असतं, आणि तो क्रम कुणी सलग बसून पाहिलेला नसतो. प्रक्रिया सल्लागाराने, म्हणजे काम कसं चालतं ते कारखान्यातल्या माणसांसोबत तपासणाऱ्याने, पाहायचं ते हेच.

उदाहरण प्लेटिंगचं, म्हणजे सुट्या भागांवर धातूचा पातळ थर चढवण्याचं घेतो, कारण तिथे सगळं डोळ्यांना दिसतं. सुटे भाग रॅकला टांगून रसायनाच्या टाकीत बुडवतात, वर काढतात आणि शेजारच्या टाकीत धुतात. वर येताना भागांना चिकटून थोडं द्रावणही येतं. समजा, तासाला एक लिटर द्रावण असं येतं आणि ते हजारपट पातळ झाल्याशिवाय माल पुढे जाऊ शकत नाही. एकाच टाकीत धुवायचं तर तासाला सुमारे १,००० लिटर पाणी लागेल. आता धुण्याच्या दोन टाक्या ओळीने ठेवा. ताजं पाणी शेवटच्या टाकीत सोडा आणि तिथून ओसंडणारं पहिल्या टाकीत घ्या. माल एका दिशेने जाईल, पाणी उलट दिशेने येईल. आता पाणी लागेल तासाला साधारण ३२ लिटर. तिसरी टाकी जोडली तर १०. हा कागदावरचा हिशोब आहे, पाणी प्रत्येक टाकीत नीट ढवळलं जातंय असं धरलेला. प्रत्यक्षात जास्त लागतं. तरीही फरक एवढा मोठा आहे की सांडपाणी शुद्धीकरणाचा प्रकल्प वाढवायची फाईल घेऊन बसलेल्या माणसाने आधी या ओळीपाशी येऊन उभं राहावं.

आणि उभं राहिलं की आणखी एक गोष्ट दिसते. रॅक टाकीच्या वरच काही सेकंद धरला तर चिकटलेलं द्रावण परत टाकीतच निथळतं. हे कामगाराला ठाऊक नसतं का? चांगलं ठाऊक असतं. पण त्याच्या पाळीचा हिशोब रॅकच्या संख्येवर होतो. रसायनाचं बिल खरेदी विभागाकडे जातं, सांडपाण्याचा खर्च देखभालीच्या खात्यात पडतो. ज्याच्या हातात ते काही सेकंद आहेत, त्याच्या कागदावर दोन्ही आकडे नाहीत. मग तो का थांबेल? इथे नवं यंत्र विकत घेऊन भागत नाही, टार्गेट कसं मोजायचं ते बदलावं लागतं.

संस्थांमधल्या माणसांच्या वागण्याचे अभ्यासक एडगर शाइन यांनी सल्ल्याचे तीन प्रकार सांगितले होते: तज्ज्ञाकडून उत्तर विकत घेणं, डॉक्टरकडून निदान करून घेणं, आणि तिसरा, स्वतःचं काम स्वतःला दिसावं म्हणून कुणाला तरी सोबत घेणं. शाश्वततेच्या कामात मला तिसराच टिकताना दिसतो. पहिल्या दोन्हींत अहवाल जाडजूड येतो आणि कपाटात जातो.

पैशांचं बोलू. भंगार विकून आलेली रक्कम खात्यात जमेला दिसते आणि सगळे खूश असतात. पण त्या भंगारात कच्चा माल गेला, त्याच्यावर वीज जळली, माणसाचे तास गेले. हे सगळं टाकाऊ मालाच्या नावावर मांडायची पद्धत आहे. २०११ मध्ये आलेलं आयएसओ १४०५१ हे मानक तिच्यासाठीच आहे. असा हिशोब एकदा मांडला की पर्यावरणाच्या बैठकीला फायनान्सवाले न बोलावता येतात.

विजेबद्दल थोडक्यात. पंखा किंवा पंप गरजेपेक्षा जोरात फिरवून पुढे झडप आवळायची, ही सवय सर्वत्र आहे. बहुतेक पंखे-पंपांना वेग २० टक्क्यांनी उतरवला की वीज जवळजवळ निम्मी लागते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. कॉम्प्रेसरच्या हवेची गळती तर सुट्टीच्या दिवशी, बाकी सगळं बंद असताना, कानांनी ऐकू येते. तिला सल्लागार कशाला हवा?

एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे, कारण आमच्या धंद्यातले लोक ती सहसा सांगत नाहीत. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच कोळशाबद्दल दाखवलं होतं की इंजिनं काटकसरी झाली म्हणून कोळशाचा एकूण खप घटला नाही, वाढला. कारखान्यातही दर नगामागे पाणी कमी लागू लागतं, माल स्वस्त पडतो, उत्पादन वाढतं आणि एकूण उपसा पुन्हा होता तिथे येऊ शकतो. म्हणून सल्लागाराशी करार करतानाच लिहून घ्या की अहवालात दर नगाचा आकडा आणि वर्षाचा एकूण आकडा, दोन्ही एकाच पानावर येतील. आणि हे आकडे देणारे मीटर सल्लागार गेल्यावर रोज कोण वाचणार, त्या माणसाचं पदही त्याच करारात लिहा.