विमानाच्या अंगावरचा जुना रंग

मंडळी, १८ फेब्रुवारी २०१९ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ उतरलं. आत प्रवासी नव्हते. विमान डब्लिनच्या रंगशाळेतून परत येत होतं. तरीही धावपट्टीच्या कुंपणापलीकडे कॅमेरे घेऊन माणसं उभी होती, कारण विमानाच्या गडद निळ्या शेपटीवर सोनेरी स्पीडबर्ड, म्हणजे झेपावणाऱ्या पक्ष्याचं चिन्ह, होता आणि अंगावर बीओएसी ही चार अक्षरं होती. बीओएसी (ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशन) ही कंपनी १९७४ मध्ये बीईएमध्ये (ब्रिटिश युरोपियन एअरवेज) मिसळली, दोघींची मिळून ब्रिटिश एअरवेज झाली, आणि तेव्हापासून ते नाव आकाशातून गेलं होतं. पंचेचाळीस वर्षांनी ते परत उडत आलं.

माझं आयुष्य विमानांच्या देखभालीत गेलं. आमच्या धंद्यात याला हेरिटेज लिव्हरी म्हणतात, किंवा नुसतंच ‘रेट्रो’. चालू ताफ्यातलं एखादं विमान घ्यायचं आणि ते कंपनीच्या जुन्या रूपात रंगवायचं. बरेच जण याला जाहिरातबाजी समजतात. जाहिरात त्यात आहेच. पण एवढ्यावर थांबलो तर त्यातलं महत्त्वाचं निसटतं, म्हणून आज हा विषय घेतला.

ब्रिटिश एअरवेजला निमित्त होतं शंभर वर्षांचं. २५ ऑगस्ट १९१९ रोजी लंडनजवळच्या हाउन्स्लो हीथहून पॅरिसला रोजची आंतरराष्ट्रीय विमानसेवा सुरू झाली. ती सुरू करणाऱ्या छोट्या कंपनीपर्यंत ब्रिटिश एअरवेज आपला वंश मोजते. त्या निमित्ताने चार विमानं जुन्या रंगात आली: बीओएसीचं ७४७, बीईएचं एअरबस ए३१९, आणि १९७४ नंतरच्या दोन वेगवेगळ्या काळांतली आणखी दोन ७४७.

यातलं बीईएचं विमान मला फार शिकवून गेलं. बीईएच्या त्या काळातल्या विमानांचे पंख लालभडक असायचे, तीच त्यांची ओळख. पण २०१९च्या ए३१९चे पंख करडेच ठेवावे लागले. पंखाच्या पृष्ठभागावरून प्रकाश किती परावर्तित व्हावा याचे आजचे नियम आहेत आणि लाल रंग त्यात बसत नव्हता. म्हणजे आठवण जागवायची, पण आजच्या नियमांत राहून. अमेरिकन एअरलाइन्सचंही तसंच. त्यांची विमानं कित्येक दशकं रंगाविना, चकचकीत घासलेल्या ॲल्युमिनियमची असत. मग कार्बन तंतूंच्या संमिश्र पदार्थांची विमानं आली. त्यांना घासून चमक येत नाही, वर रंगाचं कवच द्यावंच लागतं. म्हणून २०१३ मध्ये त्यांनी चंदेरी रंग स्वीकारला. आता जुनं ‘उघडं’ रूप दाखवायचं तर तेही बहुतेक वेळा रंगातूनच दाखवावं लागतं.

रंगकामाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण विमान रंगवणं म्हणजे नेमकं काय, हे बाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. मोठं विमान रंगायला गेलं की साधारण दोन आठवडे अडकतं. तेवढे दिवस त्याची कमाई बंद. आधी जुना रंग काढायचा. धातूच्या भागावर रसायन चालतं. संमिश्र पदार्थावर ते चालत नाही, तिथे घासूनच काढावा लागतो, आणि तोही असा की खालच्या तंतूंना धक्का लागता कामा नये. मग धुणं, प्रायमर, मूळ रंग, वर पारदर्शक थर. ७४७च्या अंगावरच्या रंगाचं वजन अडीचशे किलोच्या घरात जातं. हे वजन विमान प्रत्येक उड्डाणात वाहतं आणि त्याचं इंधन जळतं. त्यामुळे रंगाचा थर किती जाडीचा हवा, हे मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजलं जातं.

शेपटीवरचं सुकाणू, म्हणजे रडर, रंगवला की त्याचा तोल पुन्हा तपासावा लागतो. रंगाच्या थरांनी त्याच्या मागच्या कडेचं वजन थोडं वाढलं, तरी वेगात तो थरथरू लागण्याचा धोका असतो. म्हणून शेपटीवर नवं चित्र काढायचं म्हटलं की चित्रकाराच्या आधी आमचा अभियंता वजनाचा कागद मागतो.

आणि मास्किंग टेप. विमानाच्या अंगावर हवेचा दाब मोजणारी बारीक छिद्रं असतात, स्टॅटिक पोर्ट. त्या दाबावरूनच वैमानिकाला उंची आणि वेग कळतात. धुताना, घासताना, रंगवताना ती झाकतात, आणि काम झाल्यावर त्यावरची टेप काढल्याची सहीनिशी नोंद व्हावी लागते. २ ऑक्टोबर १९९६ रोजी एरोपेरूचं बोइंग ७५७ लिमाहून निघालं तेव्हा सफाईसाठी लावलेली टेप तशीच राहिली होती. रात्रीची वेळ, खाली काळाकुट्ट समुद्र, आणि वैमानिकांना ना उंची खरी कळत होती ना वेग. विमानातली सगळी ७० माणसं गेली. हँगरमध्ये नव्याने आलेल्या पोरांना मी हा प्रसंग पहिल्याच आठवड्यात सांगायचो. रंगकामाकडे सजावट म्हणून पाहणाऱ्यांनाही तो ठाऊक असायला हवा.

एवढा व्याप आहे, म्हणून शहाण्या कंपन्या रंग उडालेल्या, नाहीतरी रंगायला जाणाऱ्या विमानावरच जुनं रूप चढवतात. दर सहा-सात-आठ वर्षांनी ही पाळी येतेच. तेव्हा खर्चाचा फरक राहतो तो थोडा जास्तीच्या मजुरीचा आणि जुने नमुने शोधून काढण्याचा.

आता मुख्य गोष्ट. जुना रंग लावायचा तो कुणासाठी?

अमेरिकेत पीएसए नावाची कॅलिफोर्नियाची एक विमान कंपनी होती. तिच्या विमानांच्या नाकाखाली एक काळी कमान रंगवलेली असायची. समोरून विमान हसतंय असं वाटायचं. १९८८ मध्ये ती यूएस एअरमध्ये पूर्ण विलीन झाली आणि ते हसू पुसलं गेलं. पुढे २००५-०६च्या सुमाराला यूएस एअरवेजने (पूर्वीच्या यूएस एअरनेच) आपल्यात सामावलेल्या कंपन्यांच्या रंगांत विमानं रंगवली, तेव्हा पीएसएचं हसू परत आलं. यूएस एअरवेज २०१३ मध्ये अमेरिकनमध्ये विलीन झाली, आणि अमेरिकननेही ती प्रथा मोडली नाही. पीएसए, पीडमाँट, अलेघेनी, एअरकॅल, रीनो एअर, टीडब्ल्यूए अशा संपलेल्या कंपन्यांचे रंग तिच्या ताफ्यात उडत राहिले.

विलीनीकरणात काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. एका सकाळी गणवेश बदलतो, ओळखपत्र बदलतं, ज्येष्ठतेची यादी नव्याने लागते. वीस-पंचवीस वर्षं ज्या नावावर माणूस राबला ते नाव पाटीवरून उतरतं. अशा वेळी ‘तुमची कंपनीही या घराण्यातली आहे’ हे नवी कंपनी सर्वांदेखत सांगते, तेव्हा तिच्या एका विमानावरचा रंग मोठं काम करतो. माझ्या मते हेरिटेज लिव्हरीचं खरं मोल इथे आहे: ज्यांचं नाव गेलं त्यांची आठवण, आणि तीही सर्वांसमोर, रोजच्या कामात.

आपल्याकडे येऊ. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन पुस मॉथ विमानाने मुंबईच्या जुहू धावपट्टीवर उतरले. त्यातून टाटा एअर लाइन्स उभी राहिली, १९४६ मध्ये तिची एअर इंडिया झाली, १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं. २०१८ मध्ये टाटांचाच हिस्सा असलेल्या विस्ताराने आपलं एक ए३२० टाटा एअर लाइन्सच्या जुन्या रूपात रंगवलं. हे मला फार बोलकं वाटलं. ज्या कंपनीचा तो खरा वारसा, ती एअर इंडिया तेव्हा सरकारकडे होती, आणि तो रंग उडत होता दुसऱ्याच कंपनीच्या विमानावर. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे परतली, नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा तिच्यात विलीन झाली. म्हणजे दोन्ही धागे आता एकाच हातात आहेत.

एअर इंडियाचा रंग म्हटलं की माझ्या पिढीच्या डोळ्यांसमोर झरोके येतात. १९७१ मध्ये ‘एम्परर अशोक’ हे पहिलं ७४७ आलं, तेव्हा प्रवाशांच्या प्रत्येक खिडकीभोवती लाल रंगात झरोक्याची महिरप काढलेली होती. जाहिरातीत त्याला आकाशातला महाल म्हणत. त्या विमानांना राजांची नावं होती: अशोक, शहाजहान, राजेंद्र चोळ, विक्रमादित्य. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आलेल्या एका ७४७चं नाव ‘शिवाजी’ होतं. कल्पना करा, एवढ्या लांब विमानाच्या दोन्ही बाजूंच्या सगळ्या खिडक्या आणि प्रत्येकीभोवतीची कमान एका ओळीत, एका मापात. एक महिरप दोन मिलिमीटर वर गेली तर दुरून लगेच डोळ्यांत खुपते. हे काम करणाऱ्या रंगाऱ्यांची नावं कुठे छापून आली नाहीत.

१९८९ मध्ये एअर इंडियाने हे सगळं बदललं. पांढरं अंग, लाल शेपटी, त्यावर सोनेरी सूर्य. लोकांना ते रुचलं नाही, तक्रारी झाल्या, आणि दोनेक वर्षांत कंपनीने जुनं रूप परत आणलं. ब्रिटिश एअरवेजलाही १९९७ मध्ये असाच अनुभव आला होता. जगभरच्या कलांची चित्रं शेपटीवर काढली, तर माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचरबाईंनी प्रदर्शनात ठेवलेल्या छोट्या विमानाच्या शेपटीवर सर्वांसमोर हातरुमाल गुंडाळला. प्रवासी तिकीट काढताना दर पाहतो हे खरं, पण विमानाच्या रंगावर तो आपला हक्क मानतो, हेही तितकंच खरं.

इंडियन एअरलाइन्सबरोबरच्या २००७च्या विलीनीकरणानंतरही एअर इंडियाचे झरोके टिकले. ऑगस्ट २०२३ मध्ये नवं रूप जाहीर झालं: लाल, जांभळट आणि सोनेरी. त्यात खिडकीची चौकट शेपटीवरच्या सोनेरी नक्षीत उरली, खिडक्यांभोवतीच्या महिरपी गेल्या. नवं रूप वाईट नाही. ए३५०वर ते चांगलं दिसतं. २२ एप्रिल २०२४ रोजी एअर इंडियाचं शेवटचं ७४७ मुंबईहून कायमचं निघालं आणि वैमानिकांनी जाता जाता पंख हलवून निरोप दिला. ते विमान अमेरिकेत सुटे भाग काढून घेण्यासाठी गेलं.

इथे पुन्हा लंडनकडे पाहा. जुलै २०२० मध्ये कोविडच्या तडाख्यात ब्रिटिश एअरवेजने सगळी ७४७ एकदम निवृत्त केली. बहुतेक भंगारात गेली. पण जुन्या रंगातली तिन्ही वाचली. एक वेल्समध्ये सेंट ॲथनला आहे, एक डन्सफोल्डला, आणि तिसरं कॉट्सवोल्ड विमानतळाने एका पौंडात घेतलं. त्यांना वाचवलं ते त्यांच्या रंगाने. ते रंग अंगावर नसते तर या तिघांना कुणी विचारलं असतं असं मला वाटत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. १५ ऑक्टोबर २०३२ ला त्या कराची-जुहू उड्डाणाला शंभर वर्षं होतील. तेव्हा एअर इंडियाने एक विमान झरोक्यांसह रंगवावं. काही जण म्हणतील, शताब्दी टाटा एअर लाइन्सची, मग रंगही तेव्हाचाच हवा. माझं मत झरोक्यांना आहे. १९३२चं विमान पाहिलेली माणसं आता नाहीत. झरोक्यांची विमानं धुतलेली, दुरुस्त केलेली, त्यांत जेवण चढवलेली, त्यांत बसून आखातात नोकरीला गेलेली माणसं अजून आपल्यात आहेत. अशोक १ जानेवारी १९७८ रोजी वांद्र्याच्या समुद्रात २१३ जणांसह बुडालं. कनिष्क हे दुसरं ७४७ २३ जून १९८५ रोजी ३२९ जणांसह अटलांटिकवर बॉम्बने उडवलं गेलं. त्यांची घरं मुंबईत आहेत, कॅनडात आहेत. त्यांच्या आठवणीतला रंगही तोच. आनंदाच्या आठवणी तेवढ्या निवडून दुःख वगळता येत नाही, आणि वगळूही नये.

विमान मोठं निवडावं, ए३५० मिळालं तर उत्तम, कारण खिडक्यांची लांब रांग त्यावरच शोभेल. महिरपींचे जुने साचे, आराखडे कुठे असतील ते आत्तापासून शोधून ठेवावेत, आणि ज्यांनी ते हाताने काढले त्या निवृत्त रंगाऱ्यांना हँगरमध्ये बोलावून पहिली महिरप त्यांच्याकडून तपासून घ्यावी. त्यासाठी २०३२ची वाट पाहून चालणार नाही, ही माणसं ऐंशीच्या घरात आहेत.